वारुळावरची अळंबी: काढायची कशी, टिकवायची कशी, शिजवायची कशी

पावसाळ्यात हाती आलेली अळंबी बहुतेक घरांत पहिल्या दोन-तीन तासांतच बिघडते. मातीसकट उपटायची, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची, घरी आल्यावर टोपभर पाण्यात भिजत घालायची आणि संध्याकाळी निवांत निवडायला बसायचं, असा सर्रास क्रम असतो. त्यातली एकही पायरी बरोबर नाही. याहून महागात पडणारी चूक म्हणजे आधी घरी आणायची आणि मग ती नक्की कोणती आहे याचा विचार करायचा.

इथे फक्त वारुळातून उगवणाऱ्या अळंबीबद्दल लिहिलं आहे. कोकणात तिला अळंबी किंवा अळमी म्हणतात, गोव्यात रोयण ओलमी, विदर्भात सात्या किंवा टेकोडे. शास्त्रीय वंश टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळाच्या आत चघळलेल्या पाचोळ्याचे आणि लाकडाचे स्पंजासारखे गड्डे रचून त्यांवर ही बुरशी पोसते. पावसात त्याच बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते. धिंगरी किंवा बटण अळंबीसारखी हिची शेती होत नाही, त्यामुळे बाजारात दिसते तीसुद्धा रानातलीच असते. झाडाच्या खोडावर, शेणावर, लॉनवर किंवा कुजक्या पेंढ्यावर उगवलेल्या कशालाही खालचे नियम लावू नका.

सावधान: लेख किंवा फोटो पाहून अळंबी ओळखता येत नाही. मोबाइलमधलं ओळख सांगणारं अ‍ॅपही यासाठी पुरेसं नाही. तुमच्याच गावात वर्षानुवर्षं अळंबी काढणाऱ्या माणसाने ती हातात घेऊन होकार दिल्याशिवाय शिजवू नका. खालच्या तपासण्या नकार देण्यासाठी आहेत. एक जरी तपासणी फसली तरी ती अळंबी बाद.

## तयारी: निघण्याआधी

१. पसरट बांबूची टोपली किंवा सूप, आणि त्यात अंथरायला सुती फडकं. टोपली नसेल तर कागदी पिशव्या. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, भोकं पाडलेलीसुद्धा नको.

२. लहान धारदार सुरी आणि एक मऊ ब्रश. रंगकामाचा एक इंची नवा ब्रश छान चालतो.

३. चार-पाच कागदी पाकिटं. ज्याबद्दल शंका असेल ते वेगळ्या पाकिटात. संशयित आणि खात्रीची अळंबी एका टोपलीत ठेवायची नाही, कारण मोडलेल्या छत्रीचे तुकडे नंतर वेगळे करता येत नाहीत.

४. गमबूट आणि हातभर काठी. पावसात वारुळाच्या भोकांत नाग-घोणस असू शकतात. हात घालण्याआधी काठीने गवत बाजूला करा. चिखलपाण्यातून जायचं असेल आणि पायाला जखम असेल तर बूट हवेतच, कोकणात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण याच दिवसांत वाढतात.

५. घरी गॅस, कढई आणि माणसं मोकळी असतील अशाच दिवशी जा. दुपारी लग्नाला जायचं असेल तर सकाळी अळंबी काढू नये. ही विनोदाची गोष्ट नाही. अर्धी अळंबी याच कारणाने उकिरड्यावर जाते.

## टप्पा १: वेळ आणि जागा

जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत कधीही, पण सलग तीन-चार दिवस जोरदार पाऊस पडून मग उघडीप मिळाली, थोडं ऊन पडलं, उकडायला लागलं की शक्यता सर्वांत जास्त. जायचं ते उजाडताना. रात्रभरात वर आलेल्या कळ्या दुपारपर्यंत उघडतात, आणि उघडल्या की माश्या अंडी घालायला टपलेल्या असतातच.

वारूळ म्हणजे दरवेळी उंच मातीचा ढिगारा असतो असं नाही. काही वाळवी पूर्णपणे जमिनीखाली राहते आणि वर फक्त सपाट गवत दिसतं. अशा ठिकाणी एकाच पट्ट्यात दरवर्षी अळंबी येते, म्हणून गावातली माणसं जागा लक्षात ठेवतात (आणि दुसऱ्याला सांगत नाहीत).

पुढच्या जागा टाळा:

- रस्त्याची कड, खाणपट्टा, कचऱ्याचे ढीग, कारखान्याचं सांडपाणी येतं अशी जमीन. अळंबी मातीतले जड धातू शोषून साठवते, आणि ते धुतल्याने किंवा शिजवल्याने जात नाहीत.
- तणनाशक मारलेली काजूची, नारळाची बाग. हापूसच्या बागेत जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती मातीत कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन) घालतात. त्या आळ्यातली अळंबी खाऊ नये. बाग दुसऱ्याची असेल तर आधी विचारा की काय घातलं आहे.
- अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिथून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही, आणि अळंबी त्यात येते.

## टप्पा २: जागेवरची ओळख

या कामातली मुख्य अडचण इथेच आहे. खायला सर्वांत चांगली असते ती कळी, आणि ओळखायला सर्वांत अवघड तीच. बंद कळीचे कल्ले (छत्रीच्या खालच्या बाजूचे पातळ पापुद्रे) दिसत नाहीत, बीजाणूंचा (कल्ल्यांतून झडणाऱ्या, बियांचं काम करणाऱ्या बारीक पुडीचा) रंग कळत नाही. म्हणून ज्या जागेची आधी माहिती नाही, तिथे कळ्यांच्या सोबत निदान एक-दोन पूर्ण उघडलेल्या छत्र्या असल्याशिवाय काही काढू नका. नुसत्या कळ्याच असतील तर त्या जागी दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

एक उघडलेली अळंबी निवडून हा क्रम पाळा:

१. मूळ. देठाच्या बाजूने बोट किंवा काडी खोल सारत माती सैल करा आणि देठ अलगद पिळत वर ओढा. वारुळाच्या अळंबीचा देठ जमिनीखाली निमुळता होत मुळासारखा खोल जातो, कधी वीतभर, कधी त्याहून जास्त, थेट त्या गड्ड्यापर्यंत. तो पूर्ण येणार नाही, मध्येच तुटेल. तुटलेलं टोक निमुळतं आणि तंतुमय दिसायला हवं. देठाचा तळ गोल कांद्यासारखा फुगलेला असेल, किंवा तो पिशवीत अथवा पेल्यात बसवल्यासारखा दिसत असेल, तर ती अळंबी तिथेच टाका आणि हात धुवा. पिशवी असलेल्यांमध्ये अमानिटा वंशातल्या यकृत निकामी करणाऱ्या जाती येतात.

२. छत्रीचं टोक. मधोमध टणक, टोकदार बोंड असतं. त्यानेच ती माती फोडते. रंग बाकीच्या छत्रीपेक्षा गडद, राखाडी किंवा तपकिरी. छत्रीचा पृष्ठभाग गुळगुळीत, आणि उघडताना कडेकडून मध्याकडे चिरा जातात. निघून येणारे खवले किंवा पांढरे ठिपके असतील तर बाद.

३. कल्ले. छत्री उलटी करा. कल्ले पांढरे ते गुलाबीसर, दाट, आणि देठाला न चिकटलेले असावेत. देठाभोवती बारीक मोकळी फट दिसते. कल्ले देठाला चिकटलेले किंवा देठावरून खाली उतरलेले असतील तर बाद.

४. कडं. देठावर बांगडीसारखं कडं आहे का पाहा. वारुळाच्या काही जातींत कड्याचा अवशेष असतो हे खरं, पण नवशिक्याने कडं दिसलं की सोडून द्यावं.

५. बीजाणूंची पूड. झुपक्यात वरच्या छत्रीची पूड खालच्या छत्रीवर सांडलेली असते. ती गुलाबी-मळकट हवी. पांढरी किंवा हिरवट असेल तर बाद. अशी पूड दिसली नाही तर एक उघडी छत्री घरी आणून, देठ काढून, कल्ले खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. पिकलेल्या छत्रीचा ठसा साधारण दोन-तीन तासांत दिसू लागतो.

हिरवट पुडीचा मुद्दा खास लक्षात ठेवा. लॉन, मैदान, शाळेचं आवार, गोठ्याजवळचं गवत इथे क्लोरोफिलम मॉलिब्डाइटीस नावाची मोठी पांढरी छत्री उगवते. जोरदार उलट्या-जुलाब करणारी. तिचे कल्ले कोवळेपणी पांढरेच असतात, हिरवे नंतर होतात. तिच्या देठाला सुटं कडं असतं, माथ्यावर तपकिरी खवले असतात, आणि जमिनीत खोल जाणारं मूळ नसतं. उलट एन्टोलोमा वंशातल्या विषारी छत्र्यांची पूड वारुळाच्या अळंबीसारखीच गुलाबी असते, त्यांना पकडायचं ते देठाला चिकटलेल्या कल्ल्यांवरून आणि मूळ नसण्यावरून. म्हणजे एकट्या पुडीवर किंवा एकट्या मुळावर भागत नाही, पाचही तपासण्या एकत्र लागतात.

बारीक अळंबी: भाताच्या शितांसारखी शेकड्यांनी पसरणारी बारीक पांढरी अळंबीही वाळवीचीच, पण तिला खोल मूळ नसतं. वाळवीने वर आणून टाकलेल्या गड्ड्याच्या भुग्यावर ती उगवते. म्हणजे पहिली आणि सर्वांत भरवशाची तपासणी इथे लागूच होत नाही, आणि आकाराने लहान असलेल्या रानटी छत्र्यांमध्ये जीवघेण्या जातीही आहेत. ही जाणत्याशिवाय काढूच नये.

या चाचण्यांवर विश्वास ठेवू नका: चांदीचं नाणं किंवा चमचा काळा पडणं, लसूण निळा होणं, हळदीच्या पाण्याचा रंग बदलणं, किड्यांनी किंवा गोगलगायींनी खाल्लेली म्हणजे सुरक्षित, सोलली जाते ती चांगली, पांढरी ती चांगली, उकळून पाणी फेकलं की विष जातं. यांतलं एकही खरं नाही. अमानिटातलं यकृताचं विष उकळूनही तसंच राहतं आणि चवीला कडू नसतं, त्यामुळे थोडी चाखून पाहणं हीसुद्धा चाचणी नव्हे.

## टप्पा ३: काढणं

ओळख पक्की झाली की बाकीच्या अळंब्या देठाला धरून हलकं पिळत काढा. प्रत्येकीचा तळ डोळ्यांखालून गेला पाहिजे, कारण एकाच गवतात शेजारी दुसरीच छत्री उगवलेली असू शकते. सरसकट सुरीने जमिनीलगत कापत गेलात तर तळाची पिशवी मातीतच राहते आणि तपासणी हुकते.

पिकाव, कुदळ, फावडं नको. मूळ अख्खं हवं म्हणून वारूळ खणलं की आतला गड्डा मोडतो, आणि पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. पूर्ण उघडून कडा वर वळलेल्या छत्र्या सोडून द्या. त्यांना तसाही पाणचट वास येऊ लागलेला असतो.

काढताना तीन गट करा: बंद कळ्या, अर्धवट उघडलेल्या, पूर्ण उघडलेल्या. टोपलीत वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. ही वर्गवारी घरी करू म्हटलं की होत नाही, आणि पुढचं सगळं तिच्यावरच चालतं.

## टप्पा ४: जागेवरच कोरडी साफसफाई

१. मातीने माखलेलं मूळ तिथेच कापा. खाली उतरत गेलेला चिवट भाग भाजीतही चिवटच राहतो, तो घरी नेण्यात अर्थ नाही. फक्त एका अळंबीचं मूळ राहू द्या, का ते पुढे येईल.

२. छत्री आणि देठ ब्रशने झटका. बोंडाभोवती माती घट्ट बसते, ती सुरीच्या पाठीने खरवडा.

३. मगच टोपलीत, कल्ले खाली करून, जास्तीत जास्त दोन थर. कल्ले वर ठेवले तर दुसऱ्या अळंबीची माती सरळ त्यांत जाऊन बसते, आणि कल्ल्यांतली माती काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत वैतागाचं काम आहे. एक न झटकलेली अळंबी अख्ख्या टोपलीचे कल्ले खराब करते.

४. वरून कोरडं फडकं किंवा केळीचं पान सैल झाकून सावलीत न्या. गाडीच्या डिकीत किंवा स्कूटरच्या सीटखाली नको, इंजिनाच्या उष्णतेने तासाभरात ती घाम सोडते.

प्लास्टिक का नको? अळंबीत साधारण नव्वद टक्के पाणी असतं आणि तोडल्यावरही ती श्वसन करत राहते. बंद पिशवीत वाफ जमते, ऊब वाढते, जिवाणू वाढतात आणि बुळबुळीतपणा सुरू होतो. फडक्यात तीच वाफ निघून जाते.

## टप्पा ५: घरी आल्याबरोबर निवड

हातपाय धुऊन चहा घ्या, पण अळंबी आधी पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरा. मग प्रत्येक अळंबी बोंडापासून देठापर्यंत उभी चिरा. चिरणं हीसुद्धा तपासणीच आहे:

- आतला गर पांढरा, घट्ट, तंतुमय: घ्या.
- देठात किंवा छत्रीच्या सांध्यात तपकिरी बारीक बोगदे: अळ्या. देठात एखादाच असेल तर तेवढा भाग काढून टाका, छत्रीपर्यंत पोचला असेल तर अख्खी टाका.
- कल्ले ओलसर तपकिरी, एकमेकांना चिकटलेले, किंवा अमोनियासारखा, मासळीसारखा वास: टाका. मसाला घालून हा वास झाकला जातो, बिघाड जात नाही.

पावसाळी हवेत, म्हणजे २७–३० अंशांत, ढोबळ हिशोब असा धरा. पूर्ण उघडलेली तीन-चार तासांत कढईत गेली पाहिजे, अर्धवट उघडलेली सहा तासांत, बंद कळी रात्रीच्या जेवणापर्यंत. फ्रीजमध्ये न धुता, कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर कळ्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात. उघडलेल्या छत्र्यांना फ्रीज फारसा वाचवत नाही. ठशाची वाट पाहायची असेल तर हेच गणित वापरा: उघडलेल्यांतली एक ठशासाठी, बाकीचं सगळं फ्रीजमध्ये. ठसा चुकीचा निघाला तर सगळंच फेका, हळहळत बसू नका.

विकत घेणाऱ्यांसाठी: रस्त्याकडेला पानात बांधलेल्या जुड्या मिळतात. जुडी सोडून आतली पाहा. वर कळ्या आणि आत मोडक्या छत्र्या हा जुना प्रकार आहे. कधी काढली ते विचारा. दुपारनंतर विकायला असलेली, पाणी मारून ताजी दिसणारी जुडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

तपासा: शिजवण्याआधी मुळासकट एक अख्खी अळंबी कागदात गुंडाळून, तारीख घालून फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवा. कोणाला त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवायला हाच पुरावा असतो.

## टप्पा ६: धुणं

धुवायचं ते फोडणीची तयारी झाल्यावर. कांदा चिरलेला, वाटण वाटलेलं, कढई गॅसवर. त्याआधी अळंबीला पाणी लागता कामा नये.

मोठी अळंबी: वाहत्या पाण्याखाली एकेक, छत्री वरच्या बाजूने, बोटाने पुसत. कल्ल्यांत माती असेल तर उलटी करून क्षणभर धार. लगेच फडक्यावर. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त पाणी नको. भिजत ठेवली की स्पंजासारखी पाणी पिते आणि कढईत भाजण्याऐवजी उकडते. हळदीच्या पाण्यात घालायची सवय अनेक घरांत आहे. कल्ल्यांतले बारीक किडे त्याने बाहेर येतात एवढाच उपयोग. एक लिटर पाण्याला अर्धा चमचा हळद, एक मिनिट, बस.

देठाची बाहेरची साल जाडसर वाटली तर वरून खाली सोलून काढा. देठ आडवा चिरू नका, हाताने उभा फाडा. आडवे तुकडे रबरी लागतात, उभे धागे कोंबडीच्या मांसासारखे सुटतात.

बारीक अळंबी (जाणत्याकडून आलेली): हिच्यात बहुतेकांच्या दाताखाली खडे येतात, कारण धुतलेलं पाणी चाळणीतून ओततात. ओतताना तळाशी बसलेली माती परत वर येऊन अळंबीवरच पडते. त्याऐवजी आधी कोरडीच चाळणीत हलवून भुगा पाडा. मग मोठ्या टोपात भरपूर पाणी घेऊन अळंबी सोडा, हाताने एकदा फिरवा, दहा सेकंद थांबा आणि वर तरंगणारी झाऱ्याने उचला. टोप रिकामा करून, तळ विसळून, नवं पाणी. तीन-चार वेळा. शेवटच्या पाण्याचा तळ बोटाने चाचपून पाहा, कचकच लागली तर आणखी एक वेळ.

## टप्पा ७: शिजवणं

वारुळाची अळंबी कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नये. एकूण वीस मिनिटं तरी शिजली पाहिजे. पाव किलो अळंबी चौघांना पुरते. शिजल्यावर ती निम्म्याहून कमी होते, त्यामुळे कढई भरलेली पाहून मसाला वाढवू नका.

पाणी आटवणं (सगळ्या प्रकारांत आधी हेच)

१. जाड बुडाच्या पसरट कढईत दोन मोठे चमचे खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चांगलं तापवा.

२. बारीक चिरलेला एक कांदा गुलाबी करा, अर्धा चमचा हळद घाला.

३. अळंबी टाका, आच मध्यम-मोठी, झाकण नाही. तीन-चार मिनिटांत ती भरपूर पाणी सोडेल. घाबरून झाकण ठेवू नका, पाणी ओतून टाकू नका, चव त्यातच आहे.

४. पाणी पूर्ण आटून तेल कडेला सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटं परता. कढईतला खळखळ आवाज बदलून चर्र असा येऊ लागला की झालं.

मीठ अजून नाही. आताच घातलं तर भरल्या कढईच्या अंदाजाने पडतं आणि आटल्यावर भाजी खारट होते.

रस्सा

वाटणासाठी: एक कांदा उभा चिरून, एक वाटी ओलं खोबरं, चार-पाच बेडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, पाच-सहा मिरी, दोन-तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार लसूण पाकळ्या. चमचाभर तेलात आधी खडा मसाला आणि मिरच्या, मग कांदा-लसूण, शेवटी खोबरं तांबूस होईपर्यंत भाजा. खोबरं करपलं तर सगळा रस्सा कडवट होतो आणि अळंबीची चव पार मरते. गार झाल्यावर गुळगुळीत वाटा.

आटवलेल्या अळंबीत वाटण घालून दोन मिनिटं परता, दीड ते दोन वाट्या गरम पाणी घाला, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळू द्या. शेवटच्या पाच मिनिटांत मीठ आणि दोन-तीन आमसुलं. तिरफळ काही घरांत घालतात. तिचा वास अळंबीच्या वर चढतो, म्हणून नसलेली बरी. भाकरी किंवा उकडा भात.

सुकं

बारीक अळंबीला हेच शोभतं. आटवल्यावर तीन-चार हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी ओलं खोबरं, मीठ, कोथिंबीर, आणि शिंतोडे मारून झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं.

कुकरला लावू नका. पाणी आटायला वाव मिळत नाही, छत्र्यांचा गाळ आणि देठांचं चामडं होतं.

पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी: ओळखीची, चांगली शिजलेली अळंबीही काहींच्या पोटाला झेपत नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन घास, मग एक दिवस थांबा. लहान मुलं, गरोदर बाई, यकृताचा आजार असलेली माणसं यांना रानातली अळंबी देऊ नये.

## टप्पा ८: उरलेली अळंबी

कच्ची अळंबी डीप फ्रीजरमध्ये टाकली की वितळल्यावर तिचा चोथा होतो. पाणी आटवण्याची पायरी पूर्ण करून, गार करून, पाव किलोच्या चपट्या पाकिटांत उणे १८ अंशांना ठेवा. दोन-तीन महिने चव राहते. वापरताना न वितळवता सरळ तापल्या कढईत. कोकणात पावसात वीज तासन् तास जाते. पाकीट एकदा मऊ पडलं तर त्याच दिवशी शिजवा, परत गोठवू नका.

वाळवायची तर ऊन विसरा. श्रावणातल्या उन्हात ती वाळण्याआधी नासते. ४–५ मिलिमीटरचे उभे काप, विजेच्या वाळवणयंत्रात ४५ ते ५५ अंशांवर, काप वाकवल्यावर कट्कन मोडेपर्यंत. नुसता वाकला तर ओल आहे, बरणीत बुरशी येईल.

घरगुती तेलातलं अळंबीचं लोणचं बाहेर ठेवू नका. आंबटपणा कमी आणि हवा नाही अशा बरणीत बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जिवाणू वाढू शकतो, आणि वास किंवा चव बदलेलच असं नाही.

शिजलेला रस्सा दोन तासांत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच खळखळून उकळून संपवा.

## त्रास झाला तर

अळंबी खाल्ल्यावर अर्ध्या ते तीन तासांत उलट्या-जुलाब झाले तर बहुतेकदा पोटाला झोंबणारी जात असते. तरीही दवाखाना गाठायचाच. खाल्ल्यापासून सहा ते चोवीस तासांनी त्रास सुरू झाला तर गोष्ट फार गंभीर समजा, यकृताच्या विषाची चाल अशीच उशिराची असते. त्यात दुसऱ्या दिवशी उलट्या थांबतात, माणसाला बरं वाटतं, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि आत यकृत निकामी होत जातं. बरं वाटतंय म्हणून रुग्णालयातून परत आणू नका.

१. १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात आणि गोव्यातही तोच क्रमांक आहे. शक्य असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय.

२. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. ताक, तूप, लिंबू, काढा काही नको.

३. त्या ताटातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांना न्या, ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही.

४. फ्रीजमधली मुळासकटची अळंबी, उरलेली भाजी आणि निवडताना टाकलेले तुकडे सोबत घ्या. कच्चं कागदी पिशवीत, शिजलेलं डब्यात.

५. दोन वेळा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या: जेवण किती वाजता झालं, आणि पहिली उलटी किंवा जुलाब किती वाजता.